धार आणि खार : लोणार गावाची गोष्ट

(बुलढाणा जिल्ह्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



लोणारला पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा गावात थांबत नाही. एसटीतून किंवा स्वतःच्या गाडीतून उतरतो, विचारत विचारत थेट सरोवराच्या काठावर जातो, खाली पाहून घटकाभर गप्प होतो, फोटो काढतो आणि संध्याकाळच्या आत मेहकरच्या नाहीतर सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागतो. दैत्यसूदनाचे देऊळ वाटेत असल्यामुळे पाहिले जाते, तेही चप्पल पायात घालण्याच्या घाईत. सरोवराचे नाव जगभर झाले. ज्या गावाने ते नाव दिले ते मात्र सरोवराच्या सावलीत राहिले. आजच्या व्याख्यानाचा विषय ते गाव आहे. सरोवराबद्दल बोलणे अर्थातच टळणार नाही, कारण लोणारच्या देवळाची, बाजाराची, दंतकथेची आणि कोर्टातल्या खटल्याचीसुद्धा मुळे त्या खड्ड्यातच उतरलेली आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव सांगताना आधी एक गोष्ट सांगावी लागते : घाटावरचे की घाटाखालचे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. तापीला मिळणाऱ्या पूर्णेचे, काळ्या सपाट जमिनीचे, कापसाचे आणि रेल्वेचे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा. अजिंठ्याच्या रांगेच्या पाठीवरचे पठार, वाऱ्याचे आणि हलक्या जमिनीचे. लोणार घाटावरचे, आणि तेही पठाराच्या पार दक्षिण टोकाचे. पलीकडे मराठवाडा लागतो. इथले पाणी तापीकडे जात नाही. खडकपूर्णा आणि तिच्या ओढ्यांवाटे ते गोदावरीच्या दिशेने वाहते. वऱ्हाडात राहून पाण्याने मराठवाड्याशी बांधलेले हे गाव आहे. इथल्या बोलीत वऱ्हाडी ठसक्याबरोबर जालना-परभणीकडचे शब्द सहज येतात, त्याचे हे भूगोलातले कारण.

पठार काळ्या दगडाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला; त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर चढून महाराष्ट्राचा बहुतेक भाग घडला. विहिरी खणणाऱ्यांना हे थर पुस्तकाशिवाय कळतात. काळा कठीण पाषाण लागला की सुरुंग लावावा लागतो आणि पाणी मिळत नाही. खाली मांजऱ्या लागला, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा, झिजलेला दगड लागला, की चेहरे उजळतात, कारण झरे त्यातून फुटतात. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीचा पट्टाही असतो. अशा पाच-सहा थरांची ही रचना लोणारला एका जागी उल्केच्या आघाताने आरपार भोसकली गेली आहे.

आकडे सर्वांना माहीत असतात, तरी एकदा नीट मांडायला हवेत. खड्ड्याच्या काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच, म्हणून लांबून येताना सरोवर दिसत नाही, एक बुटकी गोल टेकडी तेवढी दिसते. काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. तळाशी पसरलेले पाणी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद, आणि त्याखाली जवळपास १०० मीटर गाळ. आदळलेल्या वस्तूने उडवलेला दगडचुरा काठाच्या बाहेर सव्वा किलोमीटरहून अधिक पसरलेला आहे. गाव खड्ड्याच्या ईशान्येला, काठाला चिकटून वसले आहे. म्हणजे लोणारच्या कित्येक घरांचे पाये या उडालेल्या दगडांवर उभे आहेत. तो दगड मुळात खड्ड्यातला. गाव अक्षरशः खड्ड्यातून निघालेल्या मालावर बसले आहे.

आता खरा प्रश्न. इतके पठार मोकळे असताना माणसाने नेमके इथेच गाव का वसवले? खड्डा पाहायला कोणी घर बांधत नाही. खड्ड्यातले पाणी पिता येत नाही, त्यावर शेत पिकत नाही, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. उत्तर खड्ड्याच्या ईशान्य उतारावर आहे. तिथे एक अरुंद घळ आहे आणि त्या घळीच्या तोंडाशी दगडी गोमुखातून बारमाही पाणी पडते. लोक तिला धार म्हणतात. पलीकडेच सीता न्हाणी आहे. आजूबाजूच्या पंचक्रोशीत विहिरी मार्च-एप्रिलमध्ये तळ दाखवतात, तेव्हाही धार सुरू असते. पाणी गोडे, स्वच्छ, बाराही महिने सारखे गार.

धार कशी तयार झाली हे वर सांगितलेल्या थरांवरून उलगडते. पठारावर पडणारा पाऊस मांजऱ्यातून आणि भेगांतून झिरपत आडवा सरकत असतो. एरवी तो विहिरीतच भेटतो. लोणारला आघाताने ते थर मधोमध कापले, काठाचा दगड खिळखिळा केला, आणि जमिनीखालून चाललेल्या पाण्याला बाहेर पडायला दार मिळाले. ज्या घटनेने खारा डोह दिला तिनेच गोडी धारही दिली. एकाच भिंतीत वर गोडे आणि खाली खारे पाणी ही लोणारची सगळ्यात मोठी नवलाई आहे, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे. उल्केच्या गोष्टीपुढे ती फार कमी सांगितली जाते.

खाऱ्याचे कारण सोपे आहे. सरोवराला पाणी आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी दगडातले सोडियम आणि इतर क्षार विरघळवत खाली येते. ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मागे ठेवते. हजारो उन्हाळे हे चालले. म्हणून हे पाणी समुद्रासारखे नुसते मिठाचे नाही. त्यात मीठ आहे, पण त्याहून जास्त लक्षात येतो तो सोड्याचा अंश. बोटांना ते साबणासारखे बुळबुळीत लागते.

एक छोटा प्रयोग कोणालाही करता येईल. पांढऱ्या सुती कापडाची चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायची आणि दोन तुकडे करायचे. एक धारेखाली धरायचा : पिवळा राहतो. दुसरा सरोवराच्या पाण्यात बुडवायचा : पाहता पाहता तांबडा होतो, आधी कडेने, मग मधोमध. हळदीला खाराचा हात लागला की तिचे कुंकू होते, हे आपल्या बायकांना रसायनशास्त्राच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. दोन तुकडे तळहातावर शेजारी ठेवले, एक पिवळा आणि एक लाल, की लोणारचा भूगोल तळहातावर येतो. उतार उतरायला लागतो तेवढ्याच वेळाचे अंतर या दोन रंगांत आहे.

गावाचे नावही याच खाराचे. संस्कृत लवण, त्याचे प्राकृतात लोण. आपल्या ताटातले लोणचे त्याच शब्दाचे. मीठ-चुन्याचा धंदा करणाऱ्या लोणारी समाजाच्या नावातही तोच शब्द आहे. धारेने गाव वसवले आणि खाराने त्याला नाव व धंदा दिला. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर आणि चिखलात क्षाराचे थर उघडे पडत. मजूर गुडघाभर घाणेरड्या, उग्र वासाच्या चिखलात उतरत, खडे आणि पापुद्रे काढत आणि काठावर वाळवत. जुन्या नोंदींत या मालाच्या प्रती नावानिशी येतात : डल्ला, निमक, खप्पल, पापडी, भुसकी. भरीव खडा तो डल्ला, वरचा पापुद्रा ती पापडी, भुकटी ती भुसकी. नावे अशी की माल डोळ्यांसमोर उभा राहतो. साबण करणारे, काच आणि बांगड्या करणारे, कापडावर रंग पक्का बसवणारे रंगारी यांना हा माल लागे, आणि घराघरांत पापडाला लागे तो खार वेगळाच. सरोवराचा ठेका हे सत्तेच्या महसुलाचे एक साधन होते. आज कारखान्यातला सोडा पोत्याने मिळतो. तो धंदा संपला, ती नावेही माणसांबरोबर चालली आहेत. लोणारच्या कोणा शिक्षकाने जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडून ही नावे, मोजमापे आणि वाळवण्याच्या तऱ्हा उतरवून घ्याव्यात, असे मनापासून वाटते.

हे झाले डोळ्यांना दिसणारे. खड्डा कोणी केला याचे उत्तर मात्र प्रत्येक काळाने आपापल्या भाषेत दिले.

सगळ्यात जुने उत्तर लवणासुराचे. हा दैत्य जमिनीखालच्या गुहेत राही आणि लोकांना छळी. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींना भुलवून गुहेचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवले आणि लवणासुराला मारले. उडालेले झाकण काही कोसांवर पडून तिथे टेकडी झाली. सरोवरातले पाणी हे दैत्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे कुजलेले मांस. ही कथा हसण्यावारी नेणाऱ्यांनी तिच्यातले निरीक्षण पाहावे. गोल खड्डा हा नुसता खचून झालेला नाही, इथून काहीतरी बाहेर फेकले गेले आहे. हे एका जोरदार क्षणात घडले आहे. पाण्यातला खार आणि सडका वास यांचा संबंध त्याच घटनेशी आहे. क्षणात घडलेल्या स्फोटाची ही कल्पना शास्त्रज्ञांमध्ये निर्विवाद ठरायला १९७३ साल उजाडावे लागले.

त्या कथेचे देऊळ गावाच्या मधोमध आहे. दैत्यसूदनाचे मंदिर यादवकाळातले मानतात. पायथा उंच, भिंतींना कोनांमागून कोन, त्यामुळे आराखडा चांदणीसारखा दिसतो. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या रांगा, आत मंडपाच्या छतावर पुराणकथांचे कोरीव पट. ते पट पाहायला मान मागे टाकून उभे राहावे लागते आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटे द्यावी लागतात. बहुतेकांचे पाहणे त्या दोन मिनिटांआधीच संपते. गाभाऱ्यात दैत्याला पायाखाली घातलेला विष्णू. मेच्या मध्याला काही दिवस सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात, तेव्हा गावात किरणोत्सवाची गर्दी होते. देवळाचा दगड पठाराचाच, काळा, आणि कडा अजून धारदार.

खाली खड्ड्याच्या उतारावर आणि पाण्याच्या काठावर आणखी देवळे आहेत : कमळजादेवीचे, रामगया, वाघ महादेव, मोर महादेव. बहुतेक पडझड झालेली, काहींत वटवाघळांचा संसार. कमळजादेवीचे मात्र जागते आहे; नवरात्रात माणसे उतार उतरून तिथवर जातात. गावाजवळच अंबर नावाचे धाकटे तळे आहे, ते मूळ आघातातल्याच एखाद्या तुकड्याने झाले असावे असे काहींचे म्हणणे, पण ते सिद्ध झालेले नाही. तिथल्या मोठ्या मारुतीची मूर्ती आडवी पहुडलेली आहे. मूर्तीच्या दगडात लोहचुंबकाचा गुण असल्याचे गावकरी सांगतात. सरोवराच्या काठच्या वाळूत चुंबक फिरवला की काळे कण केसांसारखे त्याला चिकटतात, हेही पोरे हमखास दाखवतात. ते कण उल्केचे लोखंड आहे असा समज आहे. प्रत्यक्षात लोहयुक्त कण मुळातच आपल्या काळ्या पाषाणात भरपूर असतात. पाऊस दगड झिजवतो आणि जड काळे कण वाळूत मागे राहतात. पोरांचा चुंबक खोटा नाही, त्याचे कारण तेवढे वेगळे आहे.

लोणारचा राजकीय इतिहास मेहकरच्या मागोमाग चालतो. देवगिरीचे यादव, मग बहमनी आणि त्यांच्यानंतरच्या शाह्या, मग मोगल. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील मेहकर सरकारात लोणारची नोंद आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, इथे खारे पाणी आहे पण गोडे पाणीही आहे, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे सापडतो, असा तिचा आशय. बादशहाच्या कारकुनाने चार ओळींत धार, खार आणि देव तिन्ही टिपले. पुढच्या काळात लोणारवर लिहिणाऱ्या अनेकांना हे जमले नाही.

१७२४ च्या ऑक्टोबरात याच भागातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. त्या विजयाची आठवण म्हणून गावाला फतेहखेर्डा हे नाव पडले. वऱ्हाड निजामाकडे गेला, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ नंतर मध्यप्रांताला जोडला गेला, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. इतक्या राजवटी बदलल्या, पण पाण्याच्या नोंदी आणि खाराचा महसूल यांकडे प्रत्येकीचे लक्ष होते.

१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवर पाहिले आणि युरोपच्या वाचकांना त्याची ओळख झाली. त्यानंतर दीडशे वर्षे वाद चालला. दख्खनच्या काळ्या पाषाणात गोल खड्डा दिसला की भूवैज्ञानिकाच्या मनात पहिला विचार ज्वालामुखीचा येणे स्वाभाविक होते. जमीन खचल्याचेही बोलले गेले. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह गिल्बर्टने ॲरिझोनातल्या अशाच एका खड्ड्याचा अभ्यास करताना लोणारशी त्याचे साम्य दाखवले, पण ॲरिझोनातला खड्डा कोंडलेल्या वाफेच्या स्फोटाने झाला असाच निष्कर्ष त्याने काढला. साम्य त्याने अचूक हेरले, कारण चुकले. १९१२ मध्ये ला टूश आणि ख्रिस्ती या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी सविस्तर लेख लिहिला. त्यांचाही कल स्फोटाकडे होता, आकाशाकडे नव्हता. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी उल्काघाताचा प्रश्न उघडपणे मांडला.

अडचण पुराव्याची होती. ॲरिझोनात १९६० मध्ये कोएसाइट सापडले होते. प्रचंड दाबाखाली गारगोटीच्या दगडातली स्फटिकरचना बदलून हे खनिज होते आणि आघाताची ती खूण मानली जाते. पण लोणारच्या काळ्या पाषाणात गारगोटी जवळजवळ नाहीच. तिथे शोधायचे काय? उत्तर दुसऱ्या खनिजात होते. काळ्या पाषाणात फेल्डस्पारचे बारीक पांढरे स्फटिक असतात. वितळल्याशिवाय, नुसत्या धक्क्याच्या दाबाने, तो स्फटिक काचेत बदलतो. बाहेरचा आकार तसाच, आत मात्र स्फटिकाची शिस्त नाहीशी. अशा काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखी इतका दाब देऊ शकत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी खड्ड्याच्या तळात छिद्रे पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडले, आणि १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा निबंध ‘सायन्स’ साप्ताहिकात आला. वाद मिटला.

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखले गेले तेही आपल्याच देशात पडलेल्या दगडात. १८६५ च्या ऑगस्टमध्ये बिहारमधल्या शेरघाटी गावी एक उल्का पडली. तिच्यात हे खनिज सापडले आणि पुढे ती उल्का मंगळावरून आल्याचे सिद्ध झाले. मंगळ आणि चंद्र दोन्हींवर काळ्या पाषाणाची मैदाने आहेत आणि त्यांवर असे खड्डे आहेत. काळ्या पाषाणातला इतका ताजा, इतका शाबूत खड्डा पृथ्वीवर दुसरा नाही. ब्राझीलमध्ये काळ्या पाषाणातले आघात-खड्डे आहेत, पण ते फार झिजलेले. म्हणून ग्रहांचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

वयाबद्दल मात्र अजून दोन मते आहेत. एका पद्धतीने, म्हणजे काच तापवल्यावर तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या मोजणीने, खड्डा सुमारे ५२,००० वर्षांचा ठरतो. आर्गॉन वायूच्या मोजणीने २०११ मध्ये ५,७०,००० वर्षे हे उत्तर आले. दोन्हींमध्ये दहापटीहून अधिक फरक आहे. शाळेच्या भिंतीवर एकच आकडा ठळक रंगात लिहिलेला असतो. तिथे दोन्ही आकडे लिहून मधला प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

इथे थोडे दूर जाऊ. फ्रान्सच्या मध्य-पश्चिमेला लिमोझ शहराजवळ रोशशुआर नावाचे छोटे गाव आहे. लोकवस्ती चार हजारांच्या आत. दोन लहान नद्यांच्या संगमावर उंचावर एक गढी आहे, पिळदार मनोरा असलेले चर्च आहे, गढीच्या भिंतींवर सोळाव्या शतकातली शिकारीची चित्रे आहेत. गढीत आता समकालीन कलेचे संग्रहालय आहे. जवळच्या शासनों गावी रोमन काळातल्या स्नानगृहांचे अवशेष आहेत.

हे गावही आघाताच्या जागेवरच वसले आहे. फरक एवढाच की तो आघात सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा. खड्डा २० किलोमीटरहून मोठा होता, पण पावसा-वाऱ्याने तो इतका झिजवला की आज डोळ्यांना खड्डा दिसतच नाही. हिरवे उतार, शेते, ओढे. उरले ते दगड : फुटलेले, वितळलेले आणि पुन्हा एकमेकांना चिकटलेले चित्रविचित्र रंगांचे दगड. रोमन गवंड्यांनी स्नानगृहाला तेच वापरले, गढी आणि चर्च बांधणाऱ्यांनीही तेच. एकोणिसाव्या शतकात त्यांना ज्वालामुखीचे समजत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या फ्रांस्वा क्राउट यांनी आघाताचा पुरावा मांडला. २००८ मध्ये तिथे राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाले.

रोशशुआरकडे खड्डा नाही, तरी गाव आपली ओळख भिंतींतल्या दगडांवरून सांगते. पाहुण्याला गढीची भिंत दाखवतात आणि तिच्यावर बोट ठेवून आकाशातून काय पडले ते समजावतात. लोणारकडे खड्डा आहे, धार आहे, आठशे वर्षांचे देऊळ आहे, अकबराच्या कारकुनाची नोंद आहे. पण धारेपाशी उभे राहून हे पाणी खाऱ्या डोहाच्या भिंतीतून गोडे कसे निघते, हे समजावणारा फलक पाहुण्याच्या वाट्याला यावा तितका येत नाही.

अलीकडच्या घटना सर्वांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. सरोवराभोवतीचा भाग २००० मध्ये अभयारण्य झाला. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि जगभर छायाचित्रे गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले : उन्हाळ्यात पाणी आटून खार वाढला आणि खारातच वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या गुलाबी द्रव्याने पाण्याला रंग आला. पाऊस पडला, खार पातळ झाला, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत लोणारचा समावेश झाला. महाराष्ट्रात त्याआधी फक्त नांदूर मध्यमेश्वर होते. रामसरच्या नोंदीत इथे १६० जातींचे पक्षी, ४६ जातींचे सरपटणारे प्राणी आणि १२ जातींचे सस्तन प्राणी आहेत, त्यात लांडगाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संवर्धनाचा विषय अनेक वर्षे चालला आहे.

जुन्या वर्णनांत खड्ड्याच्या आत झाडांची वर्तुळे सांगितली आहेत : शिंदी, मग चिंच, मग बाभूळ आणि शेवटी पाण्याकाठचा उघडा चिखल. त्या रचनेत वेडी बाभूळ घुसली. ती काढण्याचे काम वनखात्याने केले, पण ते चिवट झाड पुन्हा उगवते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाणी चढते आहे. अलीकडच्या वर्षांत ते कमळजादेवीच्या देवळापाशी येऊन पोचले. पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून आत येणारा प्रत्येक जास्तीचा थेंब, पावसाचा, झऱ्याचा, शेताचा वा गावाचा, डोहाचा खार पातळ करतो. खार पातळ झाला की जे सूक्ष्मजीव फक्त या खारात जगतात त्यांची जागा दुसरे घेतात. नाव ज्याने दिले तो खारच कमी होत गेला तर उरेल तो एक मोठा गोल तलाव.

पाणी का चढते याबद्दल कोर्टात, कार्यालयांत आणि चहाच्या टपरीवर भरपूर बोलले जाते. बोलण्याला मोजमापाची जोड हवी, आणि ते मोजमाप गावातच होऊ शकते. लोणारच्या शाळांतल्या मुलांनी दर सोमवारी सकाळी धारेवर जावे. दहा लिटरची बादली गोमुखाखाली धरावी, ती भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिहावे. मग खाली उतरून सरोवराच्या पाण्यात हळदीची चिंधी बुडवावी, वाळवावी आणि त्याच पानावर तारखेसह चिकटवावी. शेजारी त्या आठवड्याचा पाऊस आणि पाणी देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत आले ते. वर्षाला बावन्न ओळी आणि बावन्न चिंध्या. बादली, घड्याळ आणि वही एवढाच खर्च आहे. पहिली वही प्रस्तुत वक्त्याकडून, आणि पहिला सोमवार येत्या आठवड्यातला.